वयोमान आणि स्वप्नें

आमच्या धरमपेठेंत ट्रॅफिक पार्कच्या आसपास संध्याकाळीं जी पेन्शनर मंडळी जमते, तिच्यांत राजकारण आणि गुडघे हे दोन विषय संपले कीं हल्लीं झोपेचा विषय निघतो. एका गृहस्थांची तक्रार अशी कीं, वर्ष-दोन वर्षांत त्यांना स्वप्नच पडलेलें नाहीं; यावरून आपली बुद्धि आटत चालली, असा निष्कर्ष त्यांनीं काढला आहे. दुसऱ्यांचें दुःख नेमकें उलट. त्यांच्या स्वप्नांत दिवंगत वडील बंधु वारंवार येतात, आणि हें बोलावणें समजून त्यांनीं मृत्युपत्राची तयारी चालविली आहे. दोन्ही घरचीं माणसें धास्तावलीं आहेत. म्हणून या खेपेस हा विषय घेतला.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, स्वप्न पडणें आणि स्वप्न आठवणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९५३ सालीं शिकागो विद्यापीठांतील ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनीं झोपेचा एक प्रकार उजेडांत आणला. त्यांत बंद पापण्यांखालीं बुबुळें भराभर फिरतात; इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'रेम' निद्रा म्हणतात. १९५७ सालीं डिमेंट आणि क्लाइटमन यांनीं या झोपेंतून माणसें जागीं करून पाहिलीं, तों सुमारें ८० टक्के वेळां त्यांना स्वप्न सांगतां आलें. इतर झोपेंतून उठविलें असतां अवघें ७ टक्के वेळां. ही रेम निद्रा रात्रींतून चार-पांच वेळां येते, आणि पहांटेकडे तिची मुदत वाढत जाते. नवजात अर्भक दिवसाचे सोळा तास झोपतें, त्यांतली निम्मी झोप या जातीची; तरुण माणसाची सुमारें पाव; वृद्धाची त्याहून थोडी कमी. थोडीच. तेव्हां आमच्या पहिल्या मित्रांच्या घरीं गिरणी चालूच आहे. पीठ तेवढें हातीं लागत नाहीं.

तान्हें मूल झोपेंत हंसलें कीं आपल्याकडे सटवाई त्याला खेळवीत आहे म्हणतात. तें स्वप्न पाहतें कीं काय, हें विचारण्याची सोय नाहीं. पण बोलूं लागलेल्या मुलांस अमेरिकेंतील वायोमिंग प्रांतांत डेव्हिड फोक्स यांनीं वर्षानुवर्षें झोपेंतून उठवून विचारलें. त्यांचा ग्रंथ १९८२ चा. तीन ते पांच वर्षांचीं मुलें शंभरांतून पंधरा वेळांच कांहीं सांगत, आणि तेंही एखाद्या चित्रासारखें स्थिर : एक प्राणी उभा आहे, इतकेंच. स्वतः मूल त्या स्वप्नांत धांवूं-बोलूं लागतें तें सातव्या वर्षाच्या सुमारास. नऊ-दहाच्या पुढें आठवणीचें प्रमाण मोठ्या माणसांच्या जवळ येतें. म्हणजे स्वप्न सांगणें हीही शिकण्याची विद्या आहे. जी आजी सकाळीं दुधाचा पेला पुढें करतांना नातवाला "आज काय रे दिसलें?" असें विचारते, ती नकळत त्याला कथनाचा धडा देते. कांहीं तो रचूनही सांगत असेल. त्याला आमची हरकत नाहीं.

तरुणपण हा स्वप्नें लक्षांत राहण्याचा भराचा काळ. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत प्रसिद्ध स्वप्न पाहा. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनीं स्वप्नांत उपदेश दिला, तो प्रसंग तुकोबांनीं स्वतःच अभंगांत नमूद केला आहे. १६०८ हें बहुमान्य जन्मवर्ष धरलें, तर १६५० मध्यें निर्याणसमयीं त्यांचें वय बेचाळिसाच्या आसपास होतें. स्वप्न अर्थात् त्याहून कोवळ्या वयांतलें. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, गुरुपरंपरेचीं नांवें, मंत्र, सारें त्यांत आहे. परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती एक क्षुल्लक बाब. गुरूंनीं भोजनासाठीं पावशेर तूप मागितलें, आणि त्याचा स्वप्नांतच विसर पडला! माप आठवतें, विसरलों हेंही आठवतें. जें खरोखर पाहिलें तें असें खाचाखोचांसकट उरतें. वैजापूर भागांत जन्मलेल्या बहिणाबाईंनीं (जन्म १६२८) तुकोबांचा उपदेश स्वप्नांतच घेतला, तोही विशीच्या आगेमागे.

पुढें मात्र ही आठवण हळूहळू उतरते. स्त्रियांना पुरुषांपेक्षां स्वप्नें अधिक आठवतात, असें निरनिराळ्या पाहण्यांत दिसून आलें आहे. वयाबरोबर घट दोघांतही होते, आणि दुःस्वप्नांची संख्याही कमी होते, हा वार्धक्याचा एक लाभच. रेम निद्रेंत मेंदूंतील जें रसायन आठवण पक्की करावयास लागतें, त्याचा पुरवठा जवळजवळ बंद असतो. म्हणून जाग येतांच स्वप्न धरलें नाहीं, तर तें तरुणालाही सोडून जातें. ओटो लोवी या शास्त्रज्ञास १९२० सालीं स्वप्नांत एका प्रयोगाची कल्पना सुचली. त्यांनीं ती अर्धवट झोपेंत कागदावर खरडली, आणि सकाळीं स्वतःचेंच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्रीं तेंच स्वप्न पुनः पडलें, तेव्हां ते तडक उठून प्रयोगशाळेंत गेले. बेडकाच्या हृदयावरील त्या प्रयोगाला पुढें १९३६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सर्वांस दुसरी रात्र मिळतेच असें नाहीं. ज्यांना हौस असेल त्यांनीं जाग आल्यावर कूस न बदलतां, डोळे न उघडतां क्षणभर पडून राहावें आणि शेवटाकडून मागें जावें. ज्यांना हौस नाहीं त्यांनीं वाग्भटाचा आधार घ्यावा. विसरलेलें स्वप्न निष्फळ, असें तो स्पष्ट म्हणतो.

आतां दिवंगतांच्या दर्शनाविषयीं. चरकानें स्वप्नाचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित आणि कल्पित हे पहिले पांच फळ न देणारे. ज्या बंधूंबरोबर साठ वर्षें एका ताटांत जेवलें, ते स्वप्नांत येणें हें अनुभूत. साठीनंतर आपल्या ओळखीचीं बरींच माणसें दिवंगत झालेलीं असतात. स्वप्नाला पात्रें दुसरीकडून कोठून मिळावींत? अमेरिकेंतील बफेलो येथें मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहांत ५९ जणांस नित्य विचारपूस केली गेली; तो अहवाल २०१४ चा. त्यांतील सुमारें ८८ टक्के लोकांनीं असें स्वप्न वा दर्शन सांगितलें. अंत जवळ आला तसे गेलेले आप्त अधिक दिसूं लागले, आणि तेंच दर्शन सर्वांत सुखदायक वाटलें. परंतु मरणाऱ्यास आप्त दिसतात, यावरून आप्त दिसलेला मरतो असें ठरत नाहीं. धूर दिसल्यावर अग्नि मानावा. अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें नाहीं, हें तर्कसंग्रहाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतें. मृत्युपत्र मात्र अवश्य करावें. त्याला स्वप्नाची वाट कशाला?

खरी काळजी घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे, आणि तिच्याकडे घरोघर दुर्लक्ष होतें. रेम निद्रेंत निसर्ग आपले हातपाय शिथिल करून ठेवतो. म्हणून स्वप्नांत धांवणारा माणूस अंथरुणांतच राहतो. पन्नाशी उलटलेल्या कांहीं लोकांत, त्यांतही पुरुषांत विशेष, हा बांध फुटतो. ते ओरडतात, ठोसे मारतात, पलंगावरून कोसळतात, आणि विचारलें तर चोराशीं झटापट चालली होती म्हणून सांगतात. मिनेसोटांतील शेंक आणि माहोवाल्ड यांनीं १९८६ सालीं या विकाराचें वर्णन केलें. पुढें कित्येक वर्षांनीं येणाऱ्या कंपवाताची ती पूर्वसूचना असूं शकते. आपल्याकडे वहिनी "वयामुळें चालायचेंच" म्हणून शेजारच्या खोलींत अंथरूण घालतात आणि विषय संपतो. तसें न करतां मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे जावें, उशाजवळचा कांचेचा पेला उचलावा, आणि सोबत घरांत चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी न्यावी. कारण मनोविकारावरील कांहीं गोळ्यांनींही ही झटापट सुरू होते, आणि रक्तदाबासाठीं दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधानें कांहींना भयंकर स्वप्नें पडतात. अशी गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. ती केव्हां सुरू झाली आणि स्वप्नें केव्हां बिघडलीं, या दोन तारखा तेवढ्या कागदावर लिहून डॉक्टरांपुढें ठेवाव्या.