'चेम्मीन'मधले कर्ज

रामू करिआट यांचा 'चेम्मीन' (१९६५) हा मल्याळम चित्रपट बहुतेकांना एका समजुतीमुळे ठाऊक असतो. नवरा समुद्रावर गेला की त्याचे प्राण किनाऱ्यावरच्या बायकोच्या पातिव्रत्यावर अवलंबून. ती ढळली, तर कडलम्मा, म्हणजे समुद्रमाता, त्याला गिळते. या थ्रेडमध्ये माझे म्हणणे एवढेच, की इतिहासाच्या अभ्यासकाने या समजुतीपाशी फार रेंगाळू नये. चित्रपटातला खरा ऐतिहासिक ऐवज दुसरीकडे आहे.

मूळ कादंबरी तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची, १९५६ची. १९५७ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तकळी पेशाने वकील. सफाई कामगार आणि कुट्टनाडचे शेतमजूर यांच्यावरच्या कादंबऱ्या त्यांनी आधीच लिहिल्या होत्या. श्रम आणि मालकी यांचा संबंध पारखलेल्या या लेखकाच्या कथेचा आरंभ पाहा. चेंबनकुंजूला स्वतःची नाव आणि जाळी हवी आहेत, पण गाठीला पैसा नाही. परीकुट्टी या तरुण मुसलमान व्यापाऱ्याकडून तो मदत घेतो आणि नाव दारी आल्यावर देणे विसरतो. करुत्तम्मा आणि परीकुट्टी यांच्या प्रेमावर पहिल्यापासून या देण्याची सावली आहे. परीकुट्टी कंगाल होतो, तो विरहाने नव्हे, भांडवल बुडाल्याने. बापाने ते पैसे फेडावेत म्हणून तळमळते ती करुत्तम्मा. चेंबनकुंजूला अखेरीस वेड लागते हे खरे. परंतु कडलम्माचा नियम सावकारीला वा लबाडीला लागू नाही, तो फक्त बायकांना बांधतो. हा नियम कोणाच्या सोयीचा, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आता शीर्षक. चेम्मीन म्हणजे कोळंबी. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि कोल्लमजवळ नींडकरा येथे मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प उभा राहिला. कथेतला अलप्पुळाचा किनारा तिथून फार दूर नाही. स्थानिक मच्छीमारांचे जीवनमान उंचावणे हा मूळ हेतू. प्रत्यक्षात काही वर्षांतच यांत्रिक नावांचा रोख परदेशी जाणाऱ्या कोळंबीकडे वळला. कादंबरी आणि चित्रपट दोन्ही याच काळातले, तरी त्यांच्या समुद्रात यंत्राला स्थान नाही. मार्कस बार्टली यांच्या छायाचित्रणातला तो रंगीत समुद्र विलोभनीय आहे, आणि म्हणूनच फसवा. तो अनादी भासतो.

चित्रपटाच्या कीर्तीनेही हा भास बळावला असावा. सलील चौधरी यांचे संगीत, मन्ना डे यांचा स्वर, हृषीकेश मुखर्जी यांचे संकलन (तिघेही मुंबईच्या चित्रसृष्टीतले), शिवाय राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, जे दक्षिणेतल्या चित्रपटाला प्रथमच मिळत होते. देशभरच्या प्रेक्षकाने केरळचा मच्छीमार पाहिला तो याच चौकटीत. मी चित्रपटाला दोष देत नाही. शोकांतिका म्हणून तो आजही थोर वाटतो. मात्र त्याच किनाऱ्यावर पुढे पारंपरिक मच्छीमार आणि ट्रॉलर यांच्यात दीर्घ संघर्ष पेटला आणि १९८८पासून केरळात पावसाळी ट्रॉलिंगवर बंदी आली. त्या भांडणाच्या मुळाशीही नाव कोणाची आणि भांडवल कोणाचे, हेच प्रश्न होते.