जुन्या मोटारीचा मागचा आस आणि व्यापाऱ्याचा शब्द

बडोद्यातील पुष्कळ व्यापारी घराण्यांच्या वाड्यात अथवा वखारीत एखादी जुनी अँबॅसडर किंवा फियाट आजही झाकून ठेवलेली आढळते. वडिलांनी पेढीच्या पहिल्या बरकतीतून घेतलेली ती गाडी विकण्यास मन होत नाही, आणि नुसती उभी ठेवणेही बरे वाटत नाही. अशा गाडीचा मागचा आस निकामी झाला म्हणजे एक प्रश्न उभा राहतो: दुसऱ्या सालच्या गाडीचा आस, त्याच्या ब्रेकांसह, या गाडीस बसवावा काय? वरवर पाहता हा प्रश्न मिस्त्रीचा आहे. परंतु तो आस कोणीतरी विकतो आणि कोणीतरी विश्वासाने विकत घेतो. म्हणूनच व्यापारी बंधूंच्या या स्मरणिकेत तो मांडणे आम्हांस उचित वाटते.

आपल्या देशात हा प्रश्न इतका सर्वसामान्य का झाला, हे प्रथम पाहिले पाहिजे. हिंदुस्तान मोटर्सची स्थापना १९४२ साली झाली. तिच्या कामाचा आरंभ आपल्याच गुजरातेतील ओखा बंदरी झाला व १९४८ साली कारखाना बंगालमधील उत्तरपाड्यास गेला. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट व पद्मिनी बाहेर पडल्या. या गाड्यांचे बाह्यरूप दशकानुदशके जवळजवळ तेच राहिले. अँबॅसडरचे उत्पादन तर २०१४ पर्यंत चालू होते. बाहेरून गाडी तीच दिसे. आत मात्र इंजिन, दाते, ब्रेक यांत वेळोवेळी फेरफार होत गेले. रूप एक म्हणून अंतरंगही एकच, असा समज त्यातून रूढ झाला. या समजाचे मोल आम्ही स्वतः मोजण्याच्या बेतात होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या अँबॅसडरचा मागचा आस घरघरू लागला. एका दुकानदाराकडे नंतरच्या सालच्या गाडीचा अखंड आस, ड्रम व ब्रेकसह, मिळाला. ‘‘शेठ, गाडी एकच, साल तेवढे वेगळे, जसाच्या तसा बसेल,’’ असे त्याने सांगितले, आणि तो खरोखरच बसला. उन्हाळाभर गाडी उत्तम चालली. पहिल्या पावसात पावागडाहून परतताना हालोलच्या रस्त्यावर एक म्हैस आडवी आली. आम्ही ब्रेक दाबला मात्र, मागची चाके जागच्या जागी जखडली आणि गाडी गर्रकन फिरून रस्त्यावर आडवी उभी राहिली. मागच्या आसनावर आमच्या वृद्ध मातोश्री आणि दोन नातवंडे होती. समोरून कोणतेही वाहन येत नव्हते, म्हणूनच आज हा लेख लिहिणे घडत आहे.

दुसऱ्या दिवशी ब्रेक उघडले, तेव्हा मागच्या व्हील सिलिंडरचा व्यास जुन्यापेक्षा एक अष्टमांश इंचाने अधिक भरला. तो कारखान्याने बसविला होता की मधल्या एखाद्या मालकाने, हे कोण सांगणार? आठवा भाग इंच म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण आपण हिशेबी माणसे आहोत. हिशेब करून पाहावा. पाऊण इंचाच्या जागी सात अष्टमांश इंचाचा सिलिंडर आला, तर त्याचे क्षेत्रफळ ३६ चे ४९ होते. पायाचा दाब तोच असताना मागच्या ब्रेकाचा जोर सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो. शिवाय तो सिलिंडर भरण्यास तेलही त्याच प्रमाणात अधिक लागते, त्यामुळे पेडल अधिक खाली जाते.

अधिक जोराचा ब्रेक हा तर लाभच, असे वाटणे स्वाभाविक आहे; पण येथेच खरी गोम आहे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकांकडे झुकतो व मागची चाके हलकी होतात. पुढची चाके आधी जखडली तर गाडी वळत नाही, पण सरळ तरी घसरते. मागची आधी जखडली तर त्यांची बाजूची पकड सुटते आणि गाडीची शेपूट पुढे येऊ पाहते. म्हणून निर्माता पुढच्या व मागच्या ब्रेकांचा तोल एकत्र ठरवितो. त्यातील एकच पारडे बदलणे म्हणजे तो तोल मोडणे होय.

दुसरी गोष्ट दात्यांची. एका आसात ८ दात्यांचे पिनियन व ३९ दात्यांचे क्राउन आहे आणि दुसऱ्यात ९ व ४१ दाते आहेत, असे समजा. पहिल्यात चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्ट ४.८७५ वेळा फिरेल, दुसऱ्यात सुमारे ४.५५ वेळा. वेगमापकास गती गिअरबॉक्सकडून मिळत असेल, तर पहिला आस काढून दुसरा बसविताच तो सुमारे सात टक्के कमी सांगू लागेल. काटा ६० वर असता गाडी ६४ च्या वेगाने धावत असेल. दुकानातील खोट्या तराजूस आपण पाप मानतो. मग डोळ्यांसमोरच्या या खोट्या मापास काय म्हणावे?

यांखेरीज पाट्यांच्या बैठकींतील अंतर, शाफ्टची लांबी व त्याच्या टोकाची छिद्रे, हँडब्रेकच्या केबलची ओढ, चाकाच्या बोल्टांचे आटे, या सर्वांची पडताळणी व्हावी लागते. इंची आट्यावर मिलिमीटरची नट दोन फेरे चढते, आणि कारागिरास ती बसली असे वाटते!

या विषयात दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, मूळ गाडीचा एक खिळाही बदलू नये. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचा जो मेळा भरला होता, तो पाहणाऱ्यास या पक्षाचे म्हणणे सहज पटेल. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली जे नियम झाले, तेही मूळ रूपाच्या जतनावरच भर देतात. दुसरा पक्ष म्हणतो, जे बसते ते बसवावे. आमच्या मते प्रदर्शनाच्या गाडीस पहिला नियम शोभतो. पण रोज रस्त्यावर येणाऱ्या गाडीस चांगला आस मिळत असता केवळ साल निराळे म्हणून तो नाकारणे हा हट्ट ठरेल. मात्र अदलाबदल करावयाची तर ती पूर्ण करावी: आस घ्यावा त्याबरोबर त्याचा ब्रेक मोजावा, पुढच्या ब्रेकाशी व मास्टर सिलिंडरशी त्याचा मेळ घालावा, मोकळ्या मैदानात कोरड्या व ओल्या जमिनीवर परीक्षा घ्यावी, आणि मगच कुटुंबास गाडीत बसवावे.

आता व्यापाऱ्याचे कर्तव्य. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला आहे. परंतु खाजगी गाडीच्या नोंदणीपत्रावर चॅसिसचा व इंजिनाचा क्रमांक असतो. मागच्या आसाचा नसतो. जेथे कागद मुका होतो, तेथे विकणाऱ्याच्या शब्दाचेच काम पडते. अचौर्यव्रताच्या पाच अतिचारांत चोरीचा माल घेणे, मापात कमीअधिक करणे आणि एका वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरी देणे, हे तिन्ही मोजले आहेत. जुन्या सुट्या भागांच्या धंद्यात या तिन्हींचा मोह रोज समोर येतो. आमच्या त्या दुकानदाराने असत्य सांगितले असे आम्ही म्हणत नाही. त्याने मोजले नाही, आणि न मोजता खात्री दिली. आम्हीही स्वस्तात मिळाले म्हणून विचारले नाही. दोष दोघांचा आहे.

म्हणून मोटारीच्या सुट्या भागांचा व्यवसाय करणाऱ्या बंधूंस आमची नम्र सूचना आहे. जुना आस विकताना बिलावर तो कोणत्या गाडीचा व कोणत्या सालचा, दाते किती, सिलिंडरचा व्यास किती, आणि तो कोणाकडून घेतला, एवढे चार शब्द लिहावेत. माहीत नसेल ते ‘माहीत नाही’ असे लिहावे. मोजण्यास पाव तास लागतो. आणि ग्राहक बंधूंनी असे बिल मागून घ्यावे, जपून ठेवावे, विमा कंपनीस बदल कळवावा व पुढे गाडी विकताना ते बिल नव्या मालकाच्या हाती द्यावे. कापडाचा वार चुकला तर ग्राहकाचे चार पैसे जातात. येथे माप चुकले तर काय जाऊ शकते, ते आम्ही हालोलच्या रस्त्यावर पाहिले आहे.