आग्र्यात ताजमहालाशिवाय काय पाहायचं?

दिल्लीत नोकरीला असलेल्या मराठी माणसाकडे गावाहून आई-वडील आले की एक कार्यक्रम ठरलेलाच असतो : आग्रा. सकाळी जायचं, ताजमहाल बघायचा, किल्ला बघायचा, पेठ्याचे डबे घ्यायचे आणि रात्री परत यायचं. गतिमान एक्सप्रेसचं वेळापत्रकच त्या हिशेबाने बनवलेलं आहे. सकाळी आठच्या सुमारास ती हजरत निजामुद्दीनहून सुटते, पावणेदोन तासांच्या आत आग्रा छावणीला पोचते आणि संध्याकाळी सहाच्या आत परत निघते. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो, तर त्या दिवशी ही गाडीसुद्धा धावत नाही. लाखोंच्या वस्तीच्या शहराची किंमत एका इमारतीवरून कशी ठरते, हे यावरून कळतं.

यंदा फेब्रुवारीत आम्हीही गेलो. आई, बाबा, मी, बायको आणि सात वर्षांची लेक. बाबा एसटीच्या डेपोत हेल्पर होते, आईने आयुष्यभर शेतमजुरी केली. आमच्या घरात 'फिरायला जाणं' हा शब्दप्रयोगच नव्हता. प्रवास मात्र होते. सहा डिसेंबरला दादर, दसऱ्याला नागपूर, एक जानेवारीला भीमा कोरेगाव. जनरलच्या डब्यात दाराजवळ बसून, शिदोरी बांधून केलेले. त्या प्रवासांत हॉटेल नव्हतं, गाइड नव्हता, पण आपण कुठे चाललो आणि का चाललो हे लहान पोरालाही माहीत असायचं.

पदवी झाली, नोकरी लागली, हातात रजा आणि पैसा आला, तेव्हा आपली पिढी 'पर्यटन' करू लागली. हे चांगलंच झालं. पण कुठे जायचं याची यादी आपण कुठून घेतली? ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून, प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींतून, मोबाइलवरच्या व्हिडिओंतून. म्हणजे ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्या सहली होत आल्या, त्यांची यादी आपण जशीच्या तशी उचलली. माझा मुद्दा या यादीबद्दल आहे.

आधी ताजमहालाबद्दल सरळ बोलू. इमारत देखणी आहे, त्यात वाद नाही. पण तिच्याभोवती जो अनुभव विकला जातो तो तितका देखणा नाही. प्रत्येकी पन्नास रुपयांचं तिकीट, मुख्य कबरीपर्यंत जायचं तर आणखी दोनशे. चार मोठ्या माणसांचे हजार रुपये फाटकावरच गेले. मग रांग, झडती, फोटोवाल्यांचा पिच्छा. आत घुमटाखाली माणसं ढकलत पुढे नेली जातात, दोन मिनिटंही नीट उभं राहता येत नाही. बाहेर आलो तर आमच्या भाड्याच्या गाडीच्या चालकाने 'पाच मिनिटं' म्हणत संगमरवराच्या एका शोरूममध्ये नेलं. तिथे अर्धा तास गेला. त्या दुकानातून चालकाला कमिशन मिळतं हे त्यानेच नंतर मोकळेपणाने सांगितलं. त्याच्यावर माझा राग नाही. पर्यटक संध्याकाळी निघून जाणार असेल, तर त्याच्याकडून जे मिळवायचं ते सहा तासांतच मिळवायला हवं, असं हे सगळं गणित आहे.

गाइडने आम्हाला शाहजहान आणि मुमताजची प्रेमकथा सांगितली. कारागिरांचे हात तोडले, हेही सांगितलं. हात तोडल्याचा कसलाही समकालीन पुरावा नाही. पण ती कथा प्रत्येक गाइड सांगतो आणि त्या कारागिरांबद्दल जे खरोखर माहीत आहे ते मात्र सांगत नाही. १६३२ मध्ये सुरू झालेलं हे काम सुमारे दोन दशकं चाललं. दगड मकराण्याहून आले. आत सही आढळते ती सुलेखनकार अमानत खान याची. ज्यांनी दगड घडवले त्यांनी दगडांवर चांदणी, बाण अशा खुणा कोरल्या. मागे राहिल्या त्या खुणाच, नावं नाहीत. ताजमहाल मंदिर होतं की मकबरा, यावर टीव्हीवर तासन्‌तास भांडणं होतात. तो कुणाच्या हातांनी उभा राहिला, हा प्रश्न त्या भांडणात कुणालाच पडत नाही. आपल्याला तो पडायला हवा.

किल्ल्यापाशी पोचलो. अमरसिंह दरवाजासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १६६६ साली महाराज औरंगजेबाच्या नजरकैदेतून निसटले ते याच शहरातून. आमचं मराठी ऐकून चालकाने गाडी आपणहून पुतळ्याजवळ थांबवली. 'महाराष्ट्राचे सगळे इथे फोटो काढतात,' म्हणाला. बाबांनीही आनंदाने काढला. मग त्यांनी चालकाला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, 'बाबासाहेब कहाँ बोले थे?' चालक गोंधळला. गाइडलाही ठाऊक नव्हतं. शेवटी चहाच्या टपरीवरच्या माणसाने हात करून दाखवलं. रामलीला मैदान. किल्ल्याच्या अगदी जवळ.

१८ मार्च १९५६. नागपूरच्या धम्मदीक्षेला सात महिने उरले होते आणि बाबासाहेबांच्या आयुष्याचे नऊ महिनेही राहिले नव्हते. प्रकृती ढासळलेली होती. त्या दिवशी आग्र्याच्या मैदानावर प्रचंड जनसमुदायासमोर त्यांनी जे भाषण केलं, ते आजही उत्तर भारतातल्या वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. त्यातला सर्वांत बोचरा भाग शिकलेल्यांबद्दलचा आहे. शिकून हे लोक समाजाची सेवा करतील अशी आपली अपेक्षा होती, पण स्वतःचं पोट भरणाऱ्या कारकुनांचीच गर्दी वाढली, अशी खंत त्यांनी बोलून दाखवल्याचं सांगतात. त्याच दौऱ्यात शहरातल्या चक्कीपाट भागातल्या विहारात त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली.

वाचकहो, ते भाषण कुणाला उद्देशून होतं? तुम्हाला आणि मला. घरातला पहिला पदवीधर, पहिला पगारदार. असं असूनही त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर आपण रांगा लावतो, फोटो काढतो आणि मैदानाकडे पाठ करून परत येतो. आमच्या सहलीच्या कोणत्याही 'पॅकेज'मध्ये ते मैदान नव्हतं, चक्कीपाटही नव्हतं.

आग्रा हे बाबासाहेब एकदा येऊन बोलून गेले एवढ्यापुरतं महत्त्वाचं नाही. हे शहर आंबेडकरी चळवळीचं उत्तरेतलं एक मोठं केंद्र आहे. इथल्या जाटव समाजाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्षत्रियत्वाचा दावा करून पाहिला, आर्य समाजाचा रस्ता धरून पाहिला. त्या वाटेने मान मिळत नाही हे कळल्यावर ते बाबासाहेबांकडे वळले, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमध्ये आले, मग रिपब्लिकन पक्षात. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ओवेन लिंच यांनी याच प्रवासाचा अभ्यास करून १९६९ साली आग्र्याच्या जाटवांवर पुस्तक लिहिलं. महाराष्ट्रात आपण रिपब्लिकन पक्षाच्या गटबाजीवर विनोद करतो. पण १९६२ साली याच पश्चिम उत्तर प्रदेशातल्या अलीगढमधून बी. पी. मौर्य रिपब्लिकन पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आपण चळवळीला नकळत महाराष्ट्राची सीमा घालून घेतली आहे.

आणि इथल्या लोकांनी त्याची किंमतही मोजली आहे. १९७८ साली आग्र्यातल्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीवर हल्ला झाला, त्यातून शहर पेटलं. १९९० साली जवळच्या पनवारी गावात दलित मुलीच्या लग्नाची वरात अडवली गेली आणि हिंसाचार आसपास पसरला. त्या प्रकरणातल्या आरोपींना शिक्षा व्हायला २०२५ उजाडलं. तरीही दर एप्रिलमध्ये इथे 'भीम नगरी' भरते. दरवर्षी वेगळी वस्ती निवडली जाते, सजवली जाते, आणि त्या निमित्ताने तिथले रस्ते-गटारं तरी दुरुस्त होतात. ताजमहालापेक्षा मला हे बघायला आवडलं असतं.

आता पोटापाण्याचं. हे चामड्याच्या बुटांचं शहर आहे. ताजमहालात मुख्य कबरीकडे जाताना बुटांवर पातळ कापडी खोळ चढवायला देतात. त्या खोळीत झाकलेले देशभरचे बूट कितीदा याच शहरातल्या एखाद्या खोलीत शिवलेले असतील! घराच्या माडीवर किंवा एका खोलीत चार-सहा माणसं, चामड्याचा आणि गोंदाचा वास, रात्रीपर्यंत काम. माल जातो हिंग की मंडीत. बूट बनवणारे हात मुख्यतः जाटवांचे, आणि घाऊक व्यापार मात्र बहुतांशी इतरांकडे. व्यापारी रोख पैसे न देता 'पर्ची' देतो, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी पैसे मिळतील अशी चिठ्ठी. कारागिराला पुढचा कच्चा माल आजच हवा असतो, घरात पीठ आजच हवं असतं. मग तो ती चिठ्ठी कमी पैशांत मोडतो. म्हणजे व्यापाऱ्याच्या उधारीचं व्याज कारागीर भरतो. जात आणि भांडवल हातात हात घालून कशी चालतात यावर आपण परिसंवाद ऐकतो. इथे ते एका चिठ्ठीवर दिसतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो माझ्या बायकोनेच घेतला. 'सुट्टीच्या दिवशीसुद्धा चळवळच करायची का? बाकीचे लोक मजेत फिरतात, आपणच का सगळीकडे ओझं घेऊन जायचं?' हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपल्या आई-बापांना आयुष्यभर निवांतपणा मिळाला नाही. आईने संगमरवरी ओट्यावर बसून पाय मोकळे केले, लेकीने आइस्क्रीम मागितलं आणि मी किंमत न विचारता घेऊन दिलं. हा आनंदही हक्काचाच आहे. सवर्ण कुटुंबाला जसं निरुद्देश भटकता येतं तसं आपल्यालाही येऊ द्या, या मागणीत काही गैर नाही.

पण 'निरुद्देश' भटकणं खरोखर निरुद्देश असतं का? त्यांच्या सहलीत त्यांचे राजे, त्यांची मंदिरं, त्यांचे वाडे आपोआप येतात. यादीच तशी बनलेली आहे, त्यामुळे त्यांना वेगळं ओझं उचलावं लागत नाही. आपली ठिकाणं यादीत नाहीत म्हणून ती बघणं आपल्याला 'चळवळ' वाटते. ती यादीत आली की तीसुद्धा साधी सहलच होईल. चक्कीपाटच्या विहारात आम्ही वीस मिनिटं होतो. बाबा मूर्तीसमोर शांत बसले, आईने वंदना म्हटली, लेक पायऱ्यांवर खेळली. अख्ख्या दिवसात आम्हाला कुणी ढकललं नाही, काही विकलं नाही, पुढे चला म्हटलं नाही, अशी ती एकच जागा होती. ते ओझं होतं असं बायकोलाही वाटलं नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ताजमहाल बघा, जरूर बघा. पण त्यासाठी सगळा दिवस आणि सगळे पैसे देऊ नका. शक्य असेल तर एक रात्र मुक्काम करा. रामलीला मैदानावर उभे राहून मुलांना १८ मार्च १९५६ ची गोष्ट सांगा. चक्कीपाटला जा. बूट घ्यायचेच असतील तर शोरूम टाळून छोट्या कारखानदाराकडून, रोख पैसे देऊन घ्या. जमलं तर एप्रिलमध्ये जा आणि भीम नगरी बघा.

त्यापलीकडे एक काम आपल्यासारख्या शिकलेल्यांचंच आहे. आपल्या ठिकाणांची यादी आपण लिहिली पाहिजे, मराठीत लिहिली पाहिजे. महाड, येवला, नागपूर आपल्याला पाठ आहे. आग्रा, अलीगढ, लखनौ, कानपूर, जालंधर इथल्या आपल्या माणसांनी काय केलं, कुठे केलं, तिथे कसं जायचं, कुणाला भेटायचं, हे कुणी प्रवासी कंपनी लिहिणार नाही. आपल्याकडे पदवी आहे, इंटरनेट आहे, वर्षातून चार दिवस रजा आहे. जिथे जाल तिथली दोन पानं लिहून ठेवा, फोटो काढा, पत्ता नोंदवा, गावाकडच्या पोरांना पाठवा. शिकलेल्यांबद्दल आग्र्यात जे बोललं गेलं त्याला उत्तर द्यायची सुरुवात एवढ्या साध्या कामापासूनही होऊ शकते.

जय भीम.