भरावाखाली गाडलेली काळी माती

गेल्या पावसाळ्यात धर्माबादजवळच्या एका नव्या रस्त्याच्या भरावावर उभा होतो. काम उन्हाळ्यातच आटोपलेलं, पांढरे पट्टे अजून ताजे. साइडपट्टीवरून खाली पाहिलं तर सगळा उतार ओघळांनी चिरलेला. एका ओघळात पाय टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला. वाहून आलेला मुरूम पायथ्याच्या सोयाबीनच्या चार तासांवर पसरला होता आणि शेताचा धनी खोऱ्यानं तो बांधाकडे ओढत होता. "रस्ता झाला, बरं झालं," तो म्हणाला, "पण दरसाल हा मुरूम मीच उचलू का?"

हा प्रश्न मी नंतर रस्त्याच्या कामातल्या अनेकांपुढे मांडला. उत्तरं ठरावीक मिळाली, आणि त्यातलं एकही मला पटलं नाही.

पहिलं उत्तर: दोन पाऊस पडू द्या, गवत आपोआप येतं. येतं ते गाजरगवत, आणि त्याच्या मागोमाग वेडी बाभूळ. गाजरगवताचं एकच सोटमूळ. फुलून वाळलं की उतार पुन्हा उघडा. दुसरं काही येत नाही याला कारण आहे. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात आक्रसते, म्हणून फुगण्याचं प्रमाण ५० टक्क्यांवर असलेली माती भरावात घालू नये असा केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांचा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. मग मुरूम येतो. आपल्या बिलोली-देगलूर पट्ट्यात दख्खनचा काळा पाषाण संपून ग्रॅनाइट वर येतो. त्याचा मुरूम रवाळ, सुटा, ओल न धरणारा. रोलरखाली तो छान दबतो, पण त्यात बी रुजावं असं काही नसतं. उघड्या मुरमावर गवताची वाट पाहणं म्हणजे खळ्यावर पेरणी करण्यासारखं आहे.

दुसरं उत्तर जास्त वजनदार वाटतं: उतारावर घालायला सुपीक माती आणायची कुठून? मी साधा हिशेब मांडला. वर १२ मीटर रुंद, ३ मीटर उंच आणि एकास दोन उताराचा भराव धरा. तळाची रुंदी २४ मीटर होते. तिथला वरचा १५ सेंटिमीटर थर काढून ठेवला तर एका किलोमीटरला ३,६०० घनमीटर माती मिळते. दोन्ही उतार तेवढ्याच जाडीनं झाकायला लागते सुमारे २,००० घनमीटर. गरजेपेक्षा दीडपटीहून जास्त माती त्याच जागेवर आहे, आणि आपण तिच्यावर हायवा रिकामे करून ती कायमची गाडून टाकतो. याच विनिर्देशांत हा वरचा थर १५० मिलिमीटरपर्यंत काढून, २ मीटरपेक्षा उंच न होणाऱ्या ढिगांत जपून, नंतर उतारांवर पसरण्याची तरतूद आहे. उंचीची मर्यादा उगीच नाही. मोठ्या ढिगात आतली माती गुदमरते, तिच्यातलं जिवंतपण जातं. तरतूद आहे, फक्त ती "अभियंत्याने सांगितल्यास" या शब्दांशी जोडलेली आहे. सांगणारा भेटत नाही.

इथे एका जुन्या अभियंत्याची हरकत मला मान्य करावी लागली. निव्वळ काळी माती मुरमावर थापली तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत सगळा थर पापुद्र्यासारखा खाली येतो. खरं आहे. म्हणून तिच्यात मुरूम मिसळावा लागतो, आणि त्याआधी उतारावर आडव्या पायऱ्या कोराव्या लागतात, थराला पकड मिळावी म्हणून. कष्ट वाढतात, पण अशक्य काही नाही.

तिसरं उत्तर दगडी पिचिंगचं. पुलाच्या दोन्ही अंगांना, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याच्या फुगवट्याचं पाणी जिथे भरावाला टेकतं तिथे दगडच हवा. तिथे गवताचा हट्ट मी धरणार नाही. पण कोरड्या उतारावर काय होतं? पायथ्याची काळी जमीन पावसाळ्यात उचलते, वैशाखात खचते, सांधे उघडतात, पाणी दगडामागे शिरून आतला मुरूम ओढून नेतं. वरून दगड जागच्या जागी, आत पोकळी. दगड एकदा हलला की हललाच. गवताचं मूळ मात्र दरसाल नव्यानं वाढतं.

"झाडं लावतोच की" हेही सांगतात. २०१५च्या हरित महामार्ग धोरणानं प्रकल्पाच्या बांधकाम खर्चाचा १ टक्का वृक्षलागवडीसाठी राखला, ते चांगलंच झालं. पण झाडं लागतात हद्दीच्या कडेला, आणि माती वाहते मधल्या उतारावरून. उतारावरच खड्डे खणून रोपं लावली तर त्या खड्ड्यांतूनच नवे ओघळ सुटतात, हेही मी पाहिलं आहे. उताराला आधी गवत हवं, झाड नंतर.

कोणतं गवत? माझं उत्तर वाळा. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर तो लावत आले. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी तिथे तो पाहिला आणि मग जगभर त्याचा प्रसार केला. कोकण रेल्वेनंही दरडींच्या उतारांवर जाळ्या आणि भिंतींच्या जोडीला वाळा लावला.

आमच्या शेतकऱ्याला रस्त्याकडच्या गवताची धास्ती असते. हरळी आणि कुंदा शेतात शिरले तर पिढी खपते, ही भीती रास्त आहे. म्हणून पायथ्याला ती दोन्ही नकोतच. लागवडीच्या दक्षिणी वाळ्याला मात्र उगवणारं बी धरत नाही आणि तो बुडखा सोडून सरपटत नाही. वाळ्याच्या ओळींमध्ये मारवेल आणि पवन्याचं बी फेकावं. गुरांचा आणि वणव्याचा मुद्दाही काढला जातो. वाळ्याच्या जून पातीला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि पात जळाली तरी जमिनीलगतच्या बुडख्यातून तो पुन्हा फुटतो. त्याला खरा धोका माणसाचा: सुगंधी मुळांसाठी कोणी खणायला लागलं तर उतारच उखडतो.

मग अडतं कुठे? बिलात. मार्चअखेर भरावाचं माप घेतलं जातं, पैसे निघतात आणि उतार उघडाच मृगाला सामोरा जातो. लागवडीची वेळ येते तेव्हा गुत्तेदाराची यंत्रं दुसऱ्या कामावर गेलेली असतात. माझी मागणी एवढीच की उताराच्या कामाची काही रक्कम दोन पावसाळे राखून ठेवावी आणि नंतर उतारावर उभ्या असलेल्या गवताचं माप घेऊनच ती द्यावी. लावलेल्या गवताचं माप त्यासाठी चालणार नाही. बाभळीच्या २.७४ टीएमसी पाण्यासाठी आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलो, २०१३ साली निकाल मिळवला. त्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे राहतात, म्हणजे ऐन पावसाळ्यात ओढ्यांतून गोदावरीत उतरलेली आपली माती थेट पोचमपाडच्या धरणात जाते. तिच्यासाठी आपल्याकडून एक अर्जही गेलेला मला माहीत नाही.

जालना-नांदेड द्रुतगती मार्ग सुमारे १७९ किलोमीटरचा आखला आहे, आणि तालुक्यातालुक्यात रुंदीकरणं चालूच राहणार. वर धरलेल्या भरावाच्या एका किलोमीटरला, दीड-दीड मीटरवर ओळी आणि ओळीत १५ सेंटिमीटरवर एक पेंढी धरली, तर सुमारे ५३ हजार पेंढ्या लागतात. एवढ्या पेंढ्या ऐनवेळी कुठल्याही रोपवाटिकेत मिळत नाहीत. त्या बचत गटांच्या बायकांकडून तळ्याकाठच्या पोयट्यावर आधीच वाढवून घ्याव्या लागतील, आणि त्याला एक पूर्ण पावसाळा जातो. ज्या रस्त्याच्या उतारावर पुढच्या आर्द्रेत वाळा लावायचा आहे, त्याचे वाफे यंदाच्या मृगात भरले पाहिजेत.