सुधारला म्हणजे काय झाला?

मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नूतनीकरणात नाकारले गेले की आधी घरचीच मंडळी समजूत घालायला येतात. ‘अहो, उलट पेढे वाटा. पोरगा सुधारलाय असं सरकारच म्हणतंय!’ पाठोपाठ दुसरा सल्ला येतो: ‘डॉक्टरांशी वैर कशाला? उद्या पुन्हा त्यांच्याच दारात जायचंय.’ दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्ही घातक आहेत. अशा वेळी आईबापांनी अपील केलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

समोरच्या बाजूचे जे खरे आहे ते आधीच मान्य करून टाकतो. मुलाच्या प्रमाणपत्राला मुदत असणे गैर नाही; वाढत्या वयात मूल बदलतेच. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नूतनीकरण सांगितले, त्यात काही खोट नाही. बोगस प्रमाणपत्रांची चीडही रास्तच. 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्यावरून महाराष्ट्रात जो गदारोळ झाला, त्यानंतर ‘कडक तपासा’ ही मागणी होणारच होती. पण लबाडी पकडायची तर जुने कागद उकरावे लागतात, नोंदी ताडाव्या लागतात. दहा वर्षांच्या पोराचे टक्के खाली आणून आजवर कुठला लबाड सापडला?

आता तो ‘सुधारला’ शब्द. स्वमग्न मुलांचे मोजमाप करायला आपल्याकडे ‘इसा’ नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 विधाने आहेत. प्रत्येकाला ‘क्वचित’ ते ‘नेहमी’ असे 1 ते 5 गुण. बेरीज 70 झाली तर दिव्यांगत्व 40 टक्के. 70 च्या खाली गेली तर स्वमग्नताच नाही. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उंबरठाही 40 टक्क्यांचाच. तो हुकला की निराधार योजनेचे अनुदान, सहा ते अठरा वयापर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क, बापाच्या आयकरातली वजावट, सगळ्यांवर एका फटक्यात पाणी. मागच्या वेळी 74 गुण असलेल्या मुलाची फक्त सहा उत्तरे ‘बऱ्याचदा’वरून ‘कधीकधी’वर सरकू द्या. बेरीज 68. कागदावर मूल बरे झाले.

ही उत्तरे सरकवते कोण? पुष्कळदा आईच. वर्षानुवर्षे थेरपिस्टने तिला शिकवलेले असते, जे जमतेय त्याचे कौतुक करा. तपासणीच्या खोलीतही ती सवयीने सांगते, ‘आता हाक मारली की बघतो.’ ती हाक तिसरी असते, ओट्यावर मिक्सर बंद असतो आणि घरात पाहुणे नसतात, हे तिच्या तोंडून निघत नाही, कारण ते कोणी विचारत नाही. मिक्सर लागला की तोच मुलगा कान दाबून पलंगाखाली जाऊन बसतो. बोर्डासमोर मात्र दहा मिनिटे मोबाइल हातात घेऊन शांत बसलेला असतो. शिवाय जी काही सुधारणा आहे ती थेरपीने, शाळेतल्या जादा शिक्षिकेने आणि आईने सोडलेल्या नोकरीने आलेली आहे. मांडव सरळ उभा आहे असे म्हणत टेकू काढायला निघालेल्याला आपण शहाणा म्हणतो का?

वैराच्या भीतीचे तर मला नवलच वाटते. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 मध्ये अपिलाची तरतूद आहे. कोणाकडे, किती मुदतीत, हे राज्याने ठरवायचे. प्रमाणपत्र नाकारले तर कारणे लेखी कळवावीत, हे 2017 च्या नियमांतच आहे. ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तपासणी मंडळांना बजावले, की अपात्र ठरवताना कारणे द्या. तो मामला प्रवेशाचा होता, हे खरे. पण कारण मागणे हा उद्धटपणा ठरत नाही, एवढे तर त्यातून कळतेच. ज्या डॉक्टरला आपला निर्णय पटलेला आहे, त्याला तो समजावून सांगायला जड का जावे?

खिडकीवरचा कारकून आणखी एक तोडगा सुचवतो: ‘अपील कशाला, सहा महिन्यांनी नवा अर्ज टाका.’ हा तोडगा कार्यालयाच्या सोयीचा आहे. नव्या अर्जाने जुना नकार पुसला जात नाही. पुढचे बोर्ड तोच आधी वाचते. अपिलात मात्र प्रश्न थेट विचारता येतो, की मागच्या तपासणीपासून या तपासणीपर्यंत नेमके काय बदलले? म्हणून दोन्ही वेळच्या गुणपत्रिका शेजारी शेजारी लावाव्यात. मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागाव्यात. तिथे उत्तराला 30 दिवसांची मर्यादा आहे, पण त्या नादात अपिलाची मुदत चुकवू नये. सोबत शाळेचे पत्र हवे, पण ‘विद्यार्थी गुणी आहे’ छापाचे नको. मधल्या सुट्टीत तो कुठे असतो, डबा कोण भरवते, वर्गातून किती वेळा पळतो, हे त्यात असावे. ‘फार त्रास होतो’ या वाक्याने काही हलत नाही. ‘आंघोळीला दोन माणसे लागतात आणि पाऊण तास जातो’ हे वाक्य बोलते. यात वाढवून काही सांगायचे नाही. एका साध्या आठवड्याचे खरे टिपण पुरेसे असते.

शेवटचा आक्षेप प्रशासनाचा: सगळेच अपील करू लागले तर पूर येईल. येऊ द्या की! नकाराच्या प्रत्येक पत्रावर अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, ही एक ओळ छापा; खाली मागचे गुण आणि आताचे गुण लिहा, फरकाचे कारण लिहा. मग ज्यांना ते पटेल ते घरी बसतील. ज्यांना पटणार नाही त्यांची अपिले एकाच बोर्डाविरुद्ध वारंवार मान्य होऊ लागली, तर तपासायचे कोणाला तेही सरकारला कळेल.