गोळी वेळेवर मिळालीच पाहिजे!



बोनस, डीए आणि पेन्शनसाठी आम्ही गेटवर घसा कोरडा करतो. पण इथे जयपूरच्या रेल्वे कॉलनीत नवे लग्न झालेल्या सभासदाला विचारले, "फोलिक ॲसिडची गोळी घरी आणली का?" तर उत्तर ठरलेले, "दिवस राहू देत, मग बघू." इथेच घात होतो.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आत मिटते. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. नळी उघडी राहिली तर मूल दगावते किंवा जन्मभर पांगळे होते. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवून मिळालेली गोळी रक्तवाढीला जरूर उपयोगी. पण या दोषापुरती ती गाडी निघून गेल्यावर दाखवलेली झेंडीच!

हे 1991 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने सिद्ध केले. आधी असे मूल झालेल्या मातांनी गर्भ राहण्याआधीपासून गोळी घेतली, तेव्हा पुन्हा तसे घडण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. आपल्या सरकारच्या 2018 च्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातही गर्भधारणेपूर्वीपासून पहिले तीन महिने रोज 400 मायक्रोग्रॅम घ्यावे, असे लिहिले आहे. कागद आहे, अंमल कुठे आहे?

या गोळीवर कामगारांचा हक्क जुना आहे. 1928 साली मुंबईत आलेल्या डॉ. लूसी विल्स यांनी गरोदर गिरणी कामगार बायकांचा पंडुरोग अभ्यासला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी 1931 साली जगापुढे मांडले. त्या अर्कातले तत्त्व म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलिक ॲसिड. ज्यांच्या रक्ताच्या तपासणीतून हे ज्ञान निघाले, त्यांच्याच लेकी-सुनांना गोळी उशिरा का?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक रेल्वे हेल्थ युनिटने मूल हवे असलेल्या जोडप्याला आधीच गोळी द्यावी. खेड्यापाड्यांतल्या ग्रामीण डाक सेवक भगिनींनाही ती मिळावी. प्रत्येक शाखेने हा विषय पीएनएमच्या अजेंड्यावर घ्यावा.

आणि प्रशासनाकडे बोट दाखवताना आपले घरही पाहावे. ही गोळी स्वस्त आहे. पगाराच्या दिवशी नवऱ्याने ती आणावी. आधीचे मूल या दोषाचे असेल, तर मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!