थर्मामीटरलाही विटाळ

अंक तीन महिने उशिरा निघतोय. छापखानेवाल्याचं मागचं बिल थकलं होतं, हे एक कारण. ते नेहमीचंच. दुसरं कारण माझी छाती. गोदीत पोती उचलता उचलता खोकला लागला, खोकल्यातनं रक्त आलं, आणि सरकारी दवाखान्यातनं निकाल मिळाला : टीबी. सहा महिने गोळ्या. कवीला टीबी झाला म्हटलं की काही पांढरपेशा मित्रांना ते फार काव्यमय वाटतं. मला नाही वाटलं. कंत्राटी माणसाला आजारपणाची रजा नसते. खाडा झाला की रोज बुडाला.

मला तपासणारा डॉक्टर माझ्याच वयाचा. रात्रभर जागलेला, डोळे तांबडे. त्याच्यावर माझा राग नाही, तोही पाळीवरच राबतोय. त्यानं विचारलं, दारू पितोस? तंबाखू खातोस? घरात कुणाला आहे? सगळं केसपेपरवर लिहून घेतलं. मी काय उचलतो, दिवसभर कशाची धूळ खातो, एका खोलीत आम्ही किती जण झोपतो, हे नाही विचारलं. पुढे मध्येच आठ दिवस माझ्या गोळ्या चुकल्या. केंद्र उघडायच्या आत माझी पाळी सुरू होते आणि पाळी सुटायच्या आत केंद्र बंद होतं. एक खाडा करून गेलो, तर तो म्हणाला, ‘तुम्हा लोकांचं हेच असतं. जरा बरं वाटलं की गोळ्या सोडता.’

तुम्हा लोकांचं. हे कोण लोक? गोदीवाले? झोपडपट्टीवाले? की माझं आडनाव केसपेपरवर वाचून त्याच्या डोक्यात जे काय उभं राहिलं ते?

आमच्या वस्तीतला एक पोरगा मेडिकलला आहे. त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, म्हणूनच डॉक्टरांना मानववंशशास्त्र शिकवावं, असं आता ठिकठिकाणची जाणकार मंडळी म्हणतायत. पेशंट कुठला, त्याच्या समजुती काय, तो आजाराकडे कसा बघतो, हे डॉक्टरला कळलं पाहिजे. यावर लिही. मी पडलो मॅट्रिक पास. पण खाटेवर पडलेल्या माणसाला वाचायला वेळ असतो. वाचलं. आता माझं म्हणणं मांडतो.

पहिली गोष्ट, या शास्त्राच्या नावातच वंश बसलाय. आणि या शास्त्राची आमची ओळख जुनी आहे. रिसले नावाचा एक गोरा साहेब होता. १८९१ साली त्यानं बंगालच्या जातीजमातींवर जाडे ग्रंथ काढले. हा माणसांची नाकं मोजायचा. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा हिशेब. पुढे १९०१ च्या खानेसुमारीचा मुख्य अधिकारी हाच. म्हणजे गावानं जे हजारो वर्षं शिव्या देऊन सांगितलं, ते यानं मोजपट्टी लावून सांगितलं.

डॉक्टर आणि मानववंशशास्त्र एकाच माणसात आले की तो माणूस सुधारतो, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं जर्मनीकडे बघावं. योझेफ मेंगेले यानं १९३५ साली म्युनिकला मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९३८ साली फ्रँकफुर्टला वैद्यकातली. दोन्ही शास्त्रं शिकलेला हा पंडित १९४३ साली ऑश्विट्झच्या छळछावणीत रुजू झाला आणि माणसं गॅसकडे पाठवायची की राबायला, हे बोटानं दाखवू लागला. जुळी पोरं धरून त्यांच्यावर प्रयोग केले.

पण म्हणून हे शास्त्र गटारात फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. कारण आपल्या बापानं ते फेकलं नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवरचा आपला पहिला निबंध वाचला, तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात. वय वर्षं पंचवीस. आणि १९४८ साली अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी रिसलेवाल्यांचीच मोजपट्टी हातात घेतली. डॉ. घुर्ये यांनी छापलेले नाकाचे आकडे मांडले आणि सांगितलं की ही मोजमापं खरी धरली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. म्हणजे शास्त्र तेच. पट्टी कुणाच्या हातात आहे आणि कुणाला लावलीय, त्यावर सगळं.

आता मुद्द्यावर येतो. डॉक्टरला लोकांच्या चालीरीती माहीत नसतात म्हणून घोळ होतो, असं सांगतात. मला हे पटत नाही. का ते सांगतो.

काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तराचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आलं. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ या आपल्या आठवणींत ते घेतलंय. मास्तरची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर म्हणाला, मी तुमच्या वस्तीत येणार नाही. गावातल्या बड्या लोकांना मध्ये घालून, दोन रुपये फी कबूल करून तो यायला तयार झाला. पण अट अशी, की बाईला वस्तीबाहेर आणायचं. दोन दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला बाहेर आणलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं मास्तरच्या, मास्तरनं बायकोच्या. ताप बघून झाल्यावर थर्मामीटर त्याच रस्त्यानं परत. दिव्याच्या उजेडात डॉक्टरनं थर्मामीटर वाचला आणि सांगितलं, न्यूमोनिया आहे. औषध पाठवलं. नंतर तो बघायला आलाच नाही. एका दुपारी बाई मेली. पोर मागे राहिलं.

या डॉक्टरला काय येत नव्हतं, सांगा? नाडीला हात न लावता त्यानं आजाराचं नाव सांगितलं, म्हणजे वैद्यक येत होतं. आणि लोकांच्या चालीरीती? त्या तर त्याला तोंडपाठ होत्या! कुणी कुणाला शिवायचं, कुणाच्या हातातनं काय घ्यायचं, काच आणि पाऱ्याला विटाळ कसा होतो, मधला माणूस कुठल्या धर्माचा चालतो, हे त्याला कुठल्याही प्रोफेसरापेक्षा जास्त कळत होतं. अज्ञानानं ती बाई मेली नाही. त्या डॉक्टरनं एकाच माणसाची तपासणी केली नव्हती, त्याची स्वतःची.

आणि हे काय १९२९ बरोबर संपलं? दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसं वागवतात, हे तपासायला सरकारनं २००६ साली सुखदेव थोरात यांची समिती नेमली. २००७ साली अहवाल आला. वसतिगृहात वेगळं पाडणं, शिक्षकांचा दुजाभाव, सगळं त्यात लिहिलंय. २०१९ च्या मे महिन्यात आपल्या मुंबईत डॉ. पायल तडवी ही आदिवासी मुलगी गेली. शिकाऊ डॉक्टर होती. जातीवरनं छळल्याचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं. जिथं डॉक्टर घडतो तिथंच हे चाललं असेल, तर तो बाहेर येऊन माझ्या छातीला कान लावताना वेगळा कसा होईल?

आता दुसरी बाजू. तीही खरी आहे आणि ती न सांगणं बेइमानी होईल.

इटलीत रामाझिनी नावाचा डॉक्टर होता. त्याच्या घरचा संडासाचा हौद उपसायला एक माणूस आला होता. तो घाईघाईनं काम करत होता. रामाझिनीनं विचारलं, बाबा, एवढी घाई का? तो म्हणाला, चार तासांच्या वर इथं राहिलं तर डोळे जातात. डॉक्टरनं त्याचे डोळे तपासले. लाल, अंधुक. मग त्यानं तसे आणखी भंगीकाम करणारे बघितले, आंधळे होऊन भीक मागणारे बघितले. पुढे निरनिराळ्या धंद्यांतल्या कामगारांच्या जागेवर जाऊन बघितलं आणि १७०० साली पुस्तक लिहिलं. त्यात डॉक्टरांना बजावलं, की पेशंटला जे प्रश्न विचारता त्यात एकाची भर घाला : तू धंदा काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली. तो प्रश्न अजून माझ्या केसपेपरवर पोचलेला नाही. आणि हौदात उतरणारा माणूस २०१३ चा बंदी कायदा होऊनही गटारात मरतोच आहे.

फिरखो हा दुसरा. १८४८ साली प्रशियाच्या सरकारनं त्याला सायलेशियात पाठवलं. तिथं टायफसची साथ होती. वय सव्वीस, म्हणजे आपल्यातलाच. सरकारला वाटलं, हा औषधाची यादी देईल. यानं लिहून दिलं की या लोकांना लोकशाही द्या, शाळा त्यांच्या भाषेत द्या, रस्ते द्या, कराचं ओझं श्रीमंतावर टाका. पुढे याच माणसानं बर्लिनला मानववंशशास्त्राची संस्था उभी करण्यात हात लावला.

तिसरा पॉल फार्मर. अमेरिकन. डॉक्टरही आणि मानववंशशास्त्रज्ञही. २०२२ साली वारला. हैतीच्या डोंगरात, धरणानं उठवलेल्या लोकांत यानं दवाखाना काढला. तिथले टीबीचे पेशंट औषध सोडायचे. शहाणे लोक म्हणायचे, हे जादूटोणा मानणारे, यांना काय समजणार. म्हणजे ‘तुम्हा लोकांचं’, फक्त फ्रेंच भाषेत. फार्मर आणि त्याच्या लोकांनी पेशंटच्या दोन तुकड्या केल्या. औषध दोघांनाही फुकट. पण एका तुकडीला त्याशिवाय दर महिन्याला पैसे, खायला सकस, येण्याजाण्याचं भाडं आणि घरी येऊन विचारपूस करणारा माणूस. ही तुकडी सगळीच्या सगळी बरी झाली. दुसरीतले निम्म्याच्या आसपास. आणि जादूटोण्यावर कुणाचा विश्वास आहे की नाही, याचा बरं होण्याशी काडीचा संबंध लागला नाही.

दोस्तहो, हे नीट वाचा. मानववंशशास्त्र शिकलेल्या डॉक्टरनंच सिद्ध केलं, की गरिबाच्या डोक्यातल्या समजुती उकरत बसू नका, त्याच्या चुलीवर काय शिजतं ते बघा. आपल्याकडेही झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना जास्तीचं धान्य देऊन पाहिलं. घरातल्यांना नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी घटलं. डाळ-तांदळानं! आपलं सरकार टीबीच्या पेशंटला २०१८ पासून महिना ५०० रुपये द्यायला लागलं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. चांगलं केलं. पण आठ दिवसांच्या खाड्यात किती जातात, ते कुठल्याही मुकादमाला विचारा.

आता आपल्या मेडिकलचा अभ्यासक्रम. २०१९ पासून एम.बी.बी.एस.ला वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग आला. पेशंटशी कसं बोलावं, वाईट बातमी कशी सांगावी. यायलाच हवा होता. २०२२ पासून विद्यार्थ्यांनी खेड्यातली काही कुटुंबं ‘दत्तक’ घ्यायची, असंही आलं. हा दत्तक शब्द मला टोचतो. बापाच्या वयाच्या माणसाला अठरा वर्षांचं पोर दत्तक घेणार? त्यापेक्षा म्हणा की मी या घरी शिकायला आलोय. खरं तर डॉक्टरची पहिली शिकवणी आमच्याच अंगावर होते. १९४९ च्या कायद्यानं बेवारस मुडदे मेडिकल कॉलेजला जातात. बेवारस कोण असतं? फूटपाथवर मेलेला मजूर. आणि शवागारात प्रत्यक्ष सुरी चालवणारे हातही बऱ्याच ठिकाणी सफाई जातीतल्या माणसाचेच असतात. मेल्यावर आम्हाला उघडून शिकता. जिवंतपणी चार प्रश्न विचारायला काय होतं?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

एक. केसपेपरवर धंद्याचा रकाना हवा, आणि तो भरायला हवा. काय उचलतोस, किती तास, कशाच्या धुळीत, खाडा झाला तर काय होतं.

दोन. हे शास्त्र शिकवायला नुसते प्रोफेसर नकोत. गटारात उतरणारा, गोदीवाला, बिडी वळणारी, वॉर्डातली आया, शवागारातला माणूस यांना वर्गात बोलवा, खुर्ची द्या आणि तासाचे पैसे द्या.

तीन. प्रत्येक विद्यार्थ्यानं पहिला अभ्यास आपल्या घराचा करावा. आपला संडास कोण धुतं, तिचा कप वेगळा आहे का, घरात लग्नं कुठल्या आडनावांशी होतात. तो लिहून झाला की मग आमच्या वस्तीत यावं. चहा पाजू.

चार. काठेवाडच्या बाळंतिणीची हकिकत आणि थोरात समितीचा अहवाल परीक्षेला लावा. न्यूमोनिया कशानं होतो याला मार्क आहेत ना? मग ती बाई कशानं मेली, यालाही मार्क द्या.

माझ्या गोळ्या अजून दोन महिने आहेत. चुकवत नाही. टोळीतला एक दोस्त माझी जागा सांभाळतो, मी तेवढ्यात केंद्रावर जाऊन येतो. त्या डॉक्टरला हा अंक नेऊन देणार आहे. नोकरीनं थकलेला आहे, वाईट नाही. वाचेल. वाचून त्यानं मला एकदा विचारावं, तू गोदीत नेमकं काय करतोस. एवढं विचारलं तरी पुढचं मी सांगेन.

कविता पाठवा. वर्गणी राहिलीय त्यांनी तीही पाठवा. पुढचा अंक वेळेवर काढू.

जय भीम.